दवाखान्यातून विधानसभेकडे: नाशिकमध्ये आमदारकी लढवायची तर आधी काय करावे

2024 च्या विधानसभेची घोषणा 15 ऑक्टोबरला झाली आणि अर्ज भरायची शेवटची तारीख होती 29 ऑक्टोबर. म्हणजे हातात जेमतेम दोन आठवडे. सरकारी दवाखान्यातली सिस्टर, एएनएम (सहायक परिचारिका) किंवा वैद्यकीय अधिकारी आचारसंहिता लागल्यावर जागे झाले, तर तेवढ्यात नोकरीतून मोकळे होणे अशक्यच. त्यामुळे पहिले काम प्रचाराचे नाही, आस्थापना शाखेतले, म्हणजे नोकरीचे कागद सांभाळणाऱ्या कचेरीतले आहे.

नोकरीतून सुटका

राज्य सरकारचा लाभाचे पद (सरकारी पगाराचे पद) धारण करणारा कर्मचारी निवडणूक लढवू शकत नाही, आणि सेवेचे वर्तणूक नियमही आड येतात. रजा टाकून अर्ज भरता येत नाही. राजीनामा दिला एवढ्याने भागत नाही, तो मंजूर झाल्याचे पत्र हातात लागते. मध्य प्रदेशात 2023 ला उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांचा राजीनामा काही महिने अडकला, प्रकरण कोर्टात गेले, आणि मंजुरी आली तोवर पक्षाने आमला मतदारसंघात दुसऱ्यालाच तिकीट दिले होते.

1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्यांनी राजीनाम्याची घाई करू नये. राजीनाम्याने मागची सेवा जाते आणि तिच्याबरोबर पेन्शनही. 20 वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. निवडणूक ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरली तर नोटीस जूनच्या आतच गेलेली बरी. चौकशी चालू असेल तर मंजुरी लांबते, तेही गृहीत धरावे. महापालिकेच्या बिटको किंवा झाकीर हुसेन रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनी महापालिकेचे सेवानियम वेगळे पाहावेत. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटी मंडळींनी करारातली नोटीस वाचावी. आशाताईंनी ‘मानधन म्हणजे पगार नव्हे’ या भरवशावर राहू नये. हरकत छाननीच्या, म्हणजे अर्ज तपासणीच्या टेबलावर येते आणि तिथे वाद घालायला वेळ नसतो. राजीनामा देऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्याचे लेखी पत्र घ्यावे.

खासगी डॉक्टरला हा त्रास नाही. पण ज्याचे मेडिकल स्टोअर सरकारी रुग्णालयाला औषधे पुरवते, त्याने सावध राहावे: राज्य सरकारशी मालपुरवठ्याचा चालू करार असणे हीसुद्धा अपात्रता आहे. करार आधी संपवावा.

मतदारसंघ

नाशिक जिल्ह्यात 15 जागा आहेत. बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी अनुसूचित जमातीसाठी राखीव, देवळाली अनुसूचित जातीसाठी. पुनर्रचना झाली तर हे बदलू शकते. वय 25 पूर्ण हवे आणि नाव राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत हवे. दुसऱ्या मतदारसंघात लढायचे तर आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते.

अर्ज

मान्यताप्राप्त पक्षाचे तिकीट असेल तर एक सूचक (उमेदवाराचे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) पुरतो. अपक्षाला दहा लागतात आणि ते दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. दवाखान्यातली माणसे इथेच चुकतात, कारण ड्युटीवरचे सहकारी शहरभर विखुरलेले असतात. सिडको-सातपूर नाशिक पश्चिममध्ये येते. तिथला मित्र देवळालीच्या अर्जावर सूचक म्हणून चालत नाही. प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीवरून स्वतः तपासावा. दहाच्या जागी बारा माणसे तयार ठेवावीत आणि चार अर्जांची मुभा पूर्ण वापरावी, म्हणजे एकातली चूक दुसऱ्यात भरून निघते. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5,000. वैध मतांच्या सहाव्या भागापेक्षा जास्त मते नाही पडली तर ती जप्त होते. पक्षाचा एबी फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार, असे पक्षाचे पत्र) शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला पाहिजे. तीन वाजून पाच मिनिटांनी आलेल्या फॉर्मचा काही उपयोग नसतो.

नमुना 26 चे शपथपत्र शांतपणे भरावे. एकही रकाना रिकामा सोडू नये. काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहावे. आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहिलेल्यांसाठी खास: मागच्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरले असेल तर भाडे, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी नसल्याचे दाखले लागतात. बदल्या होत तीन तालुके फिरलेल्या माणसाला तीन ठिकाणचे दाखले जमवायचे असतात, म्हणून हे काम दिवाळीपर्यंत ढकलू नये. अर्ज दिल्यावर लगेच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे शपथ घ्यावी. छाननीचा दिवस उजाडायच्या आत ती राहिली तर अर्ज बाद होतो.

खर्च आणि शिबिरे

विधानसभेची खर्चमर्यादा 40 लाख रुपये आहे. अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीपुरते वेगळे बँक खाते उघडावे. चहा, नाश्ता, मंडप, खुर्च्या यांचे दरपत्रक जिल्हा प्रशासन काढते. तुम्हाला मंडप ओळखीत स्वस्त पडला तरी हिशेबात साधारण त्याच दराने धरला जातो. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा.

आरोग्य शिबिराचा मोह आवरावा. उमेदवार म्हणून फुकट तपासणी आणि औषधे वाटली की मतांसाठी आमिष दाखवल्याची तक्रार होऊ शकते. ओपीडी रजिस्टरमधले फोन नंबर प्रचाराला वापरणे तर सरळ रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग आहे. ओळखीच्या सिस्टरला पोलिंग एजंट म्हणूनही बसवू नका. सरकारी कर्मचाऱ्याने एजंट होणे गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नुकसान तिचे होते.

रुग्ण म्हणजे मतदार नव्हे

सिव्हिलला जिल्हाभरातून लोक येतात, तुमच्या मतदारसंघातले त्यात थोडेच. तीनशे बूथ धरले आणि बूथमागे दोन माणसे हवीत, तर सहाशे माणसे आधी वहीत नावानिशी असायला हवीत. सुरगाणा, पेठकडे आणखी एक अडचण: ऑक्टोबर छाटणीला पाड्यांवरची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात, म्हणून तिथली भेट गणपतीच्या आधी उरकावी. पहिल्याच झटक्यात विधानसभा गाठायचा आग्रहही नको. एमबीबीएस असलेल्या डॉ. भारती पवार आधी जिल्हा परिषदेत होत्या, 2014 ची लोकसभा हरल्या, 2019 ला दिंडोरीतून निवडून आल्या आणि पुढे केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या.

निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचाच, हरलात तरी. पराभवाच्या कंटाळ्यात बिलांची फाइल कपाटात राहते, आणि हिशेब न दिल्यामुळे आयोगाने अपात्र ठरवले तर तीन वर्षे कुठलीही आमदारकी-खासदारकी लढता येत नाही.