तो असा का वागला? कोरियन मालिका बघताना टाळायच्या चुका

कोरियन मालिकेचे 16 भाग दोन रात्रींत संपवायचे आणि लगेच मैत्रिणींच्या ग्रुपवर 'हिरॉईन डोक्यावर पडलीय' असा निकाल लावायचा, हे आता घरोघरी चालतं. निकाल लावायला कोणाची हरकत नाही. पण तो पुष्कळदा भलत्याच पुराव्यावर लागतो, आणि मग चांगली मालिका 'शेवट फसला' म्हणून बदनाम होते.

माणसाचं मन त्याच्या प्रेमप्रकरणात सापडेल अशी आपली पक्की समजूत असते. कोरियन लेखक ते बहुतेक वेळा दुसरीकडेच ठेवतात. भावंडांत तो कितवा, घरावर कर्ज किती, समोरचा आपल्यापेक्षा मोठा की लहान, आणि कोणाला नाही म्हणायची सोयच नाही, तिथे बघितलं तर निम्मे प्रश्न सुटतात. पुढे काही गाजलेल्या मालिकांचे शेवट उघड केले आहेत, तेव्हा बघायच्या राहिल्या असतील तर आधी बघून या.

दुसरी मुलगी दिसली की तिला खलनायिका ठरवणं

हा आपल्या रोजच्या मालिकांचा संस्कार. नायकाच्या आयुष्यात आधीपासून एखादी मुलगी असेल, तिचे कपडे भारी असतील आणि ती कमी हसत असेल, तर ती कट रचणारच, असं आपण पहिल्या भागातच ठरवून टाकतो.

'क्रॅश लँडिंग ऑन यू' (2019-20) मधली सो दान घ्या. पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात पडलेली युन से-री ही नायिका, म्हणून आपण तिच्या डोळ्यांनी बघतो आणि सो दान अडथळा वाटते. पण तिच्या बाजूने हिशोब मांडा. दोन्ही घरांनी लग्न ठरवलेलं आहे, प्याँगयांगमध्ये सगळ्यांना ते माहीत आहे, परदेशातलं शिक्षण आटोपून ती लग्नासाठी परतली आहे आणि होणाऱ्या नवऱ्याच्या घरात एक अनोळखी बाई 'मी याची वाग्दत्त वधू' म्हणून राहते आहे. यात फसवणूक कोणाची झाली? नायक जंग-ह्योक सज्जन आहे, त्याला पर्याय नव्हता, हे सगळं खरं. तरी सो दानच्या वाट्याला जे आलं ते त्याच्या सज्जनपणाने भरून निघत नाही. मालिकेला हे ठाऊक आहे, म्हणून तर तिला स्वतःची वेगळी गोष्ट दिली आहे.

राग आला की एक करून बघा. ते प्रकरण नायिकेला वगळून, दुसऱ्या मुलीच्या आईने शेजारणीला सांगितल्यासारखं सांगा. खलनायिका निम्म्या वेळा तिथेच गळून पडते.

'नवरा कोण?' एवढंच शोधत बसणं

'रिप्लाय 1988' (2015-16) हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. सोलच्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच मित्र, आणि त्यांतल्या डोक-सनचा भावी नवरा कोण हे मालिका शेवटच्या टप्प्यापर्यंत झाकून ठेवते. कोरियातही प्रेक्षकांचे दोन तट पडले होते: एक जंग-ह्वानचा, दुसरा टेकचा. लग्न टेकशी झालं तेव्हा पहिल्या तटाला वाटलं, लेखकांनी ऐनवेळी दगा दिला.

दगा वगैरे काही नाही. सगळं समोर मांडलेलं होतं, पण लोक धागेदोरे शोधत होते ते जंग-ह्वानच्या आणि टेकच्या चेहऱ्यावर. डोक-सनकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

ती मधली मुलगी. थोरली बहीण हुशार, धाकटा भाऊ लाडका. पहिल्याच भागात तिचा वाढदिवस बहिणीच्या वाढदिवसाबरोबर उरकला जातो आणि ती भडाभडा बोलून टाकते. हा प्रसंग विनोदी म्हणून सोडून देऊ नका, पुढच्या एकोणीस भागांची किल्ली तिथे आहे. जिला घरात कोणी आधी विचारलं नाही, ती बाहेर कोणाच्या प्रेमात पडते? मैत्रिणी सांगतात, त्याच पाचांतल्या सन-ऊला तू आवडतेस. लगेच तिला सन-ऊ आवडायला लागतो. मग कळतं, ती आवडते ती जंग-ह्वानला; आता तिला जंग-ह्वान आवडतो. शेवटी डोंग-र्योंग, म्हणजे ज्याला सगळे विदूषक समजतात तो, तिला विचारतो की कोणाला तू आवडतेस ते जाऊ दे, तुला कोण आवडतं? त्यानंतरची डोक-सन वेगळी आहे. तिच्या गोष्टीचा कणा हा प्रश्न आहे, नवऱ्याचं नाव नंतर येतं.

आता जंग-ह्वान. त्याने बसमध्ये तिला सांभाळलं, पावसात छत्री नेऊन दिली, सगळं केलं; बोलला मात्र नाही. टेकलाही ती आवडते हे कळल्यावर तो मागे सरला. याला त्याग म्हणायचा मोह होतो. पण टेकनेही तेच केलं होतं: जंग-ह्वानचं मन कळल्यावर त्याने डोक-सनबरोबरचा सिनेमाचा बेत मोडला. दोघंही मैत्रीसाठी थांबले. फरक पडला तो पुढे, ज्या रात्री ती गाण्याच्या कार्यक्रमाला एकटी पडते तेव्हा. जंग-ह्वान सिग्नलला अडकत पोहोचतो. टेक हातातला बादुकचा (सोंगट्यांचा पटावरचा खेळ, 'गो') सामना सोडून आलेला असतो. आणि जंग-ह्वान स्वतःच कबूल करतो की दोष सिग्नलचा नव्हता, आपल्या घुटमळण्याचा होता. पात्र स्वतः एवढं स्पष्ट सांगत असताना प्रेक्षकांनी दहा वर्षं लेखकांना दोष देत बसावं, याची मला गंमत वाटते.

'तू' आणि 'तुम्ही' सबटायटल्समध्ये हरवू देणं

इंग्रजी सबटायटल्स वाचत बघणाऱ्यांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. कोरियन माणूस समोरच्याशी कोणत्या पायरीवरून बोलतोय, हे त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ऐकू येतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठी प्रेक्षकाला खरं तर हे समजायला सोपं. 'अहो'वरून 'अरे'वर यायला किती काळ लागतो आणि त्यात काय काय घडतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

'स्क्विड गेम' (2021) मध्ये पाकिस्तानहून आलेला कामगार अली सगळ्यांना 'मालक, साहेब' म्हणतो. मालकाने पगार बुडवलेला, तरी तोंडात तेच. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकलेला सांग-ऊ त्याला बसभाड्याला पैसे देतो आणि पुढे म्हणतो, मला दादा म्हण. परक्या देशात राबणाऱ्या माणसाला कोणीतरी धाकटा भाऊ केलं. त्यानंतर, हरेल तो मरेल अशा गोट्यांच्या खेळात सांग-ऊ त्याला फसवतो. पायरी बदलल्याचं निसटलं, तर ते एका खेळाडूने दुसऱ्याला हरवणं वाटतं. ऐकू आली, तर थोरल्या भावाने धाकट्याला मारलेलं आहे. अली भोळा होता म्हणून फसला असं म्हणणाऱ्यांनी तो भाग मूळ आवाजात पुन्हा ऐकावा.

भाषा येत नसली तरी हात दिसतात. मोठ्याकडून पेला घेताना दोन हात पुढे येतात, पिताना मान बाजूला वळते. तीच दोन माणसं चार भागांनंतर एका हाताने ओतू लागली की मधल्या काळात काहीतरी घडलं आहे. हिंदी डबमध्ये बघत असाल तर निदान पहिले दोन भाग मूळ कोरियनमध्ये बघा.

आडनाव न वाचणं

कोरियन स्त्री लग्नानंतर आडनाव बदलत नाही. मुलांना सहसा वडिलांचं लागतं. 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन' (2022) मध्ये ना ही-दो आणि बेक ई-जिन एकत्र येणार म्हणून लोक शेवटच्या भागापर्यंत आस लावून बसले. ही-दोच्या मुलीचं नाव पहिल्याच भागात कळलं होतं: किम मिन-चे. ना नाही, बेक नाही.

आणि ते का तुटले याचं उत्तर 1997 च्या आर्थिक संकटात आहे. ई-जिनच्या वडिलांचा धंदा बुडाला, घर विखुरलं, आणि पैसे मागायला आलेल्यांपुढे हा मुलगा सांगतो की मी कधीही सुखात राहणार नाही. असं बोललेला माणूस पुढे कामात स्वतःला गाडून घेतो, दुःख वाटून घेत नाही, यात अचानक काय आहे?

आडनावाचाच दुसरा गुंता 'रिप्लाय 1988' मध्ये डोक-सनची थोरली बहीण बो-रा आणि सन-ऊचा. दोघंही सुंग, एकाच मूळ कुळातले. इतकं चांगलं स्थळ आणि घरचे हादरतात का, हे परदेशी प्रेक्षकांना कोडं पडतं. आपल्याला पडू नये. सगोत्र म्हटलं की झालं. आपल्याकडे 1946 च्या कायद्याने सगोत्र विवाहाची आडकाठी काढली. कोरियात अशा लग्नावरची बंदी घटनात्मक न्यायालयाने 1997 मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि कायद्याच्या पुस्तकातून ती 2005 मध्ये गेली. त्यामुळे सन-ऊची आई आडमुठी वाटत असेल, तर मालिकेतलं साल बघा.

प्रत्येक ओढीला प्रेम म्हणणं

'माय मिस्टर' (2018) बघून झाल्यावर हमखास होणारा वाद: डोंग-हून आणि जी-आन यांचं नेमकं काय होतं? तो चाळिशी ओलांडलेला इंजिनिअर, ती एकवीस वर्षांची, ऑफिसातली कॉफीची पाकिटं चोरून त्यावर रात्र काढणारी. ती पैशांसाठी त्याचा फोन चोरून ऐकते. पैसे देणार असतो तो कंपनीचा प्रमुख, ज्याचं डोंग-हूनच्या बायकोशी प्रकरण चालू आहे.

तिच्या मनात काय, हे विचारताना लोक तिचे शब्द धरतात. तिने काय ऐकलं ते धरा. आजवर तिच्यावर दया दाखवणारे चार दिवसांत पळाले. हा माणूस, कोणी ऐकत नाही असं समजून, आईशी कसा बोलतो, भावांचं कसं सांभाळतो, एकटा चालताना कसा सुस्कारा सोडतो, हे तिने दिवसरात्र ऐकलं. तिला तो आवडतो, ती तसं म्हणतेही. पण त्या आवडण्यात 'याला माझी सगळी कुंडली कळली तरी हा टिकेल का?' ही भीती इतकी मोठी आहे की प्रियकर-प्रेयसीच्या चौकटीत ती मावत नाही.

आणि तो? बायकोचं कळल्यावर तो गप्प का बसतो, याला भित्रेपणा म्हणून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. त्याच्या घराकडे बघा. तीन भावांत हा मधला. थोरला कर्जात बुडालेला, धाकटा सिनेमा करता करता थांबलेला, दोघंही आईच्या घरी. नियमित पगार आणणारा हा एकटा. हा मोडला हे आईला कळलं तर आई मोडेल. त्याचं गप्प बसणं बायकोसाठी जेवढं आहे त्याहून जास्त आईसाठी आहे. माझ्या मते कोरियन मालिकांमधलं हे सर्वांत नीट बांधलेलं पुरुषपात्र आहे, आणि ते कळायला एकही प्रेमप्रसंग लागत नाही.

'त्यांच्याकडे असंच असतं' म्हणून सोडून देणं

वरचं सगळं वाचून ही उलटी चूक करू नका. 2009 च्या 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स'मध्ये नायक नायिकेला मनगट धरून फरपटत नेतो, ते संस्कृती म्हणून पचवायचं कारण नाही. कोरियातल्याच प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी अशा दृश्यांवर टीका केली आहे. 'माय मिस्टर'वरही सुरुवातीला तिथेच टीका झाली होती, वयातल्या अंतरावरून आणि जी-आनला मारहाण होते त्या दृश्यावरून. पात्राचं कारण समजणं निराळं, त्याला माफ करणं निराळं.

जाहिरात आणि सेन्सॉर विसरणं

'व्हिन्सेंझो' (2021) मध्ये एखादं पात्र मधूनच कोपिकोची गोळी काढतं, त्यात कसलाही गूढार्थ नाही. पैसे घेऊन दाखवलेली वस्तू आहे ती. कोरियात 2010 पासून हे कायदेशीर आहे. नायकाने नायिकेला नेमकं त्याच दुकानातलं सँडविच का दिलं, यावर रात्री जागवू नका.

सेन्सॉरचं प्रकरण जास्त गंभीर, आणि ते चिनी मालिकांत. 'द अनटेम्ड' (2019) ज्या कादंबरीवर आहे तिच्यात दोन्ही नायक एकमेकांचे प्रियकर आहेत. चीनमध्ये पडद्यावर समलिंगी नातं दाखवायला बंदी, म्हणून मालिकेत ते जिवाभावाचे सखे होतात. आता त्यांतला लान वांगजी दुसऱ्याची 16 वर्षं वाट का बघतो, 3000 हून जास्त नियमांच्या घराण्यात वाढून ते नियम एका माणसासाठी का मोडतो, हे 'फक्त मैत्री' म्हणून वाचलंत तर तो विक्षिप्त वाटेल. चिनी प्रेक्षक नजरा, वाद्य, मद्याचा पेला यांतून वाचतात, कारण दिग्दर्शकाने तिथेच ठेवलं आहे. सेन्सॉर असलेल्या देशाची मालिका बघताना चुंबन मोजू नका, कोण कोणासाठी काय मोडतो ते मोजा.

नटांच्या लग्नावरून पात्रांचा निकाल

'क्रॅश लँडिंग'मधले नायक-नायिका ह्युन बिन आणि सन ये-जिन यांनी 2022 मध्ये लग्न केलं आणि चाहते म्हणाले, बघा, तेव्हाच डोळ्यांत दिसत होतं. असेल. पण म्हणून सो दानवरचा अन्याय कमी होत नाही. 'रिप्लाय 1988' मध्ये तर गंमतच झाली: डोक-सन आणि जंग-ह्वान साकारणारे दोघं नंतर काही वर्षं खरोखरच एकत्र होते, आणि जंग-ह्वानच्या तटाने ते पुरावा म्हणून आजतागायत जपून ठेवलं आहे. मालिकेत लग्न टेकशीच झालं.