रेंज गच्चीवर, लक्ष खाली

रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात रेंज धड येते ती गच्चीवर. त्यामुळे कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा दहावीतल्या पोरीचा ऑनलाइन तासही गच्चीवर आणि त्यानंतरचं इन्स्टाग्रामही. मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याखाली कोणी एवढ्या आवडीनं भूगोल शिकत नसतं!

तेव्हा किती वेळ यावर भांडण्याआधी फोनची जागा ठरवा. तास संपला की फोन खाली ओसरीत. रात्री दहानंतर स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी चार्जिंगला. हा नियम आमच्या ह्यांनाही लागू. केळीचे भाव काही मध्यरात्री निघत नाहीत.

सेटिंग करताना फोन पोरीच्याच हातात द्या, आपण शेजारी बसा. इन्स्टाग्रामचं खातं प्रायव्हेट करा. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत ग्रुपसाठी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा, म्हणजे कोणीही परका उचलून ग्रुपात टाकणार नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये ॲपला रोजची मर्यादा घालता येते. धाकटा अकरा वर्षांचा. इन्स्टाग्रामला 13 पूर्ण लागतात, विषय संपला. ‘सगळ्यांचं आहे’ हे रडगाणं चार दिवस चालतं.

मग फॉलोअर्सची यादी. हे काम सावकाश करा, खरी गंमत इथेच आहे.
“हा कोण?”
“मैत्रिणीच्या मावसभावाचा मित्र.”
“तू पाहिलंय त्याला?”
“नाही.”
काढला. शाळेत, गावात, नात्यात तोंडओळख नाही, तो यादीत नाही.

चोरून मेसेज मात्र वाचू नका. पोरं हुशार; दुसरं खातं काढायला दोन मिनिटं लागतात, आणि ते आपल्याला दिसतही नाही. त्यापेक्षा आधीच सांगून ठेवा: कोणी फोटो मागितला, धमकी दिली, तर आधी मला सांग, मी ओरडणार नाही. मग मेसेज पुसायचे नाहीत. स्क्रीनशॉट काढून ब्लॉक करायचं आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करायची. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहेच.

कोरोनाच्या काढ्यांचे मेसेज धाकटा आजीला वाचून दाखवायचा. त्याला व्हॉट्सॲप मेसेजवरचा दुहेरी बाण ओळखायला शिकवलंय: म्हणजे तो मेसेज बऱ्याच हातांतून फिरून आलाय. एप्रिल 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, तरी आमच्या भाऊबंदकीच्या ग्रुपात तो रोज हजर!

यादी दर रविवारी पुन्हा बघतो. गेल्या खेपेला पोरीनं माझंच फेसबुक उघडायला लावलं आणि सतरा अनोळखी काढले.