पिकअप उचलताय? आधी टेप काढा, मग पाना

गाडी उभी होती त्र्यंबकजवळच्या हर्षेवाडीच्या अलीकडे, भातखाचराच्या बांधाला लागून. चहा पिता पिता सहज वाकून बघितलं, तर उजव्या पुढच्या चाकाची आतली बाजू काळीकुट्ट. रिमवर, शॉकअपवर, ब्रेकच्या पाइपवर सगळीकडे ग्रीसचे शिंतोडे. सीव्ही जॉइंटचा (चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टच्या वळत्या सांध्याचा) रबरी बूट घडीवर फाटला होता आणि आत चिखल शिरला होता. गाडीची उंची वाढवून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

गॅरेजवाला म्हणाला होता, "दोन इंच उचलू भाऊ, एकदम रुबाब येईल." मित्राच्या तशाच, हात न लावलेल्या गाडीशेजारी उभी करून टेप लावली, तर माझी पुढून पावणेतीन इंच वर. त्याने फसवलं असंही नाही. हिशोब त्यालाच ठाऊक नव्हता, आणि कामाआधीचं माप मी घेतलं नव्हतं.

स्पेसरचा हिशोब

व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या पिकअपला पुढे दोन आर्मचं (चाक धरणाऱ्या वरच्या-खालच्या दांड्यांचं) स्वतंत्र सस्पेन्शन असतं. स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी खालच्या आर्मवर टेकते, पण चाकापाशी नाही, साधारण मध्यावर. दार बिजागरीजवळ बोटभर हललं की कडेला वीतभर हलतं, तसंच इथं होतं. शॉकअपच्या डोक्यावर २५ मिमीचा स्पेसर, म्हणजे जाड चकती, घातला की चाकापाशी ४५ ते ५० मिमी उंची मिळते. माझ्या गाडीत ३८ मिमीचा घातला होता. "दीड इंचाचा स्पेसर आहे, थोडं इकडंतिकडं धरून दोन इंच" असं आम्ही दोघंही समजत होतो.

खरा घोळ चाक खाली लोंबतं तेव्हा होतो. शॉकअपच्या वरच्या स्पेसरमुळे आर्म पूर्वीपेक्षा खालपर्यंत जातो. ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि खड्ड्यात चाक अधांतरी असताना ॲक्सिलेटर दिला की जॉइंट कुरकुरतो. वरचा आर्म स्प्रिंगला टेकायला लागतो. म्हणून मूळ आर्म ठेवून चाकापाशी दोन इंचांच्या पुढे जाऊ नका. त्याहून जास्त हवं असेल तर वरचे आर्म बदलायचे, पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा गोळा) थोडा खाली घ्यायचा, आणि तो खर्च आधीच धरायचा.

माप घेताना जमिनीपासून घेऊ नका. टायरच्या हवेने ते बदलतं. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत, सपाट फरशीवर, टाकी भरलेली असताना घ्या. मी आता आकडे डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहून ठेवतो. डाव्याउजव्यात पाचसात मिमीचा फरक कंपनीच्या गाडीतही असू शकतो. तो आधी माहीत असला म्हणजे नंतर उगाच स्प्रिंगवर खापर फुटत नाही.

उंच झाली म्हणजे दगड चुकले असं नाही

हे ऐकून लोक रुसतात, पण स्प्रिंगने उंची वाढवली तरी मागचा ॲक्सल तिथंच राहतो. तो चाकांना बांधलेला आहे. बॉडी वर जाते, ॲक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा दगडाला आपटायचा तो आपटतोच. तो वर न्यायचा एकच उपाय, मोठा टायर. त्यातही २४५/७० आर१६ मापाचा काढून २६५/७५ आर१६ घातला, तर व्यास सुमारे ७४९ वरून ८०४ मिमी होतो आणि गोळ्याखाली वाढ मिळते त्याच्या निम्मी, म्हणजे २७ मिमी. एवढ्यासाठी चाक सात टक्क्यांनी मोठं झालेलं असतं. काटा ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८६ च्या आसपास असतो, आणि पेठच्या सावळघाटात जिथं तिसरा गिअर चालायचा तिथं दुसरा टाकावा लागतो.

टायर घेण्याआधी एक चाचणी करा. एक पुढचं चाक उंच दगडावर चढवून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. चाकाच्या मागच्या अंगाला चॅसीचा बॉडी माउंट (बॉडी चॅसीला बसते ती जागा) असतो, टायर घासतो तो बहुतेक तिथंच.

नाकावर किती क्रेट?

आता पुढच्या भागाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि हौस तिथं जाते. लोखंडी बंपर ५०-६० किलोचा, तारेची विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) ३५-४० किलोची. म्हणजे टोमॅटोचे २० किलोचे जवळपास पाच क्रेट तुम्ही कायमचे नाकावर बांधले, तेही पुढच्या चाकांच्या पुढे. नुसता स्पेसर घातलेली गाडी या वजनाने परत खाली बसते, ब्रेकला डोकं टेकवते आणि खड्ड्यात बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबलं की अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळते. मग मालक म्हणतो, "शॉकअप गेले." शॉकअप धडधाकट असतात, स्प्रिंग वजनाच्या मानाने मऊ असते.

उलटी चूकही बघितली आहे. बंपर पुढच्या वर्षी घेऊ म्हणून स्प्रिंग आधीच त्या वजनाची टाकली. रिकाम्या नाकाखाली ती स्प्रिंग गाडीला वर ताणून धरते, चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि स्पीडब्रेकर उतरताना ठण्ण आवाज येतो.

उपाय आपल्या नाशिक भागात सोपा आहे. पिंपळगाव, लासलगावच्या वाटेवर पावलोपावली भुईकाटे आहेत. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग नसेल तेव्हा जा, फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, पावती घ्या. मग फक्त मागची. बंपर-विंच बसवायच्या आधी एकदा, नंतर एकदा. स्प्रिंग मागवताना ती पावती समोर ठेवा. मागचं वजन किंचित घटलेलं दिसलं तर काटा बिघडला असं समजू नका. चाकाच्या पुढे टांगलेलं वजन मागची बाजू उचलतं.

कायद्याचंही इथंच बोलून घेतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना बुलबार आणि क्रॅश गार्डवर (बंपरपुढे लावलेल्या लोखंडी पाइपांवर) कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफाराला मालकाकडून प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पैशांपेक्षा मला एअरबॅगची काळजी जास्त वाटते. कंपनीचा बंपर आणि त्यामागचा भाग धडकेत चेपण्यासाठीच बनवलेला असतो. त्याजागी चॅनेल वेल्ड केलं की धडकेचा धक्का सेन्सरला आणि तुम्हाला वेगळाच बसतो. मी मूळ बंपर ठेवला आहे. विंच मित्राच्या गाडीला आहे, आणि मैत्री टिकवली आहे.

आणखी एक. पुढे गाडी बांधून नेण्यासाठी जो पातळ हूक दिलेला असतो, त्याला पट्टा अडकवून चिखलातून ओढू नका. तुटला तर तो गोळीसारखा येतो. चॅसीला दोन बोल्टांनी बसणारा दणकट हूक लावा.

जॅकवर असताना आवळलेले बुश

ही चूक दिसत नाही, म्हणून जास्त महागात पडते. आर्मच्या बुशमधलं (सांध्यातल्या रबरी नळीतलं) रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, की गाडी जमिनीवर आल्या क्षणापासून रबर कायमचं पिळलेलं राहतं. काही महिन्यांत चिरा पडतात. बोल्ट हातानेच बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा खालीवर हलवायची आणि मग टॉर्क पान्याने आवळायचं. मागच्या पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) बुशलाही हेच. गॅरेजमध्ये यासाठी वीस मिनिटं जास्त लागतात, म्हणून तिथं उभं राहा.

मागे पाट्याखाली लोखंडी ठोकळा घालून उंची वाढवतात. एक चालतो, एकावर एक दोन कधीच नको. जोर लावला की पाटा इंग्रजी एसच्या आकारात वळतो आणि ॲक्सल पिळतो. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी पट्टी) स्वस्त पडतो, पण ॲक्सलचं तोंड फिरतं आणि साठ-सत्तरच्या वेगाला बूड थरथरतं. त्यापेक्षा एक पाटा वाढवा किंवा सरळ नवा संच घ्या. ज्या गाड्यांना मागच्या ॲक्सलवर वजन ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह आहे, त्यांची दांडीही नव्या उंचीला जुळवून घ्या. नाहीतर त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि माल भरलेला असतानाही मागचा ब्रेक हलका लागतो.

लक्षण आणि जागा

उंची वाढल्यावर हायवेला स्टेअरिंग तरंगतं, वळणानंतर आपोआप सरळ होत नाही? कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी झालाय. नुसता टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) जुळवणाऱ्याकडून परत येऊ नका, कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) आणि कॅस्टरचा छापील कागद मागा. मूळ आर्मवर कॅस्टर जुळतच नसेल, तर उंची कमी करणं किंवा वरचे आर्म बदलणं, दुसरा मार्ग नाही. पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक म्हणजे सीव्ही जॉइंट. सरळ रस्त्यावर लहान खड्ड्यात टकटक असेल तर आधी शॉकअपच्या वरचे नट बघा, मग बॉल जॉइंट. टायर फक्त आतल्या किंवा बाहेरच्या कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट. समोरचे ट्रकवाले सारखे अपर-डिपर देत असतील तर तुमचे हेडलाइट आकाशाकडे बघताहेत. भिंतीसमोर उभी करून स्क्रूने खाली घ्या.

ॲक्सल पाट्याला आवळून धरणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नका. नवे बसवल्यावर प्रत्येक नटवर पांढऱ्या पेंटने एक रेघ ओढा, नटापासून प्लेटपर्यंत. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात. माझ्या गाडीची एक रेघ त्र्यंबकच्या दुसऱ्याच फेरीत तुटलेली दिसली.