डिफ-लॉक: बटण सोडलं म्हणजे लॉक सुटला असं नाही

डिफरन्शियल म्हणजे अ‍ॅक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी; डिफ-लॉक ती मोकळीक बंद करतो, आणि लॉक नसलेला तो ओपन. लष्करी ट्रकवर नव्याने आलेल्यांनी एक वाक्य आधी डोक्यातून काढावं: "ओपन डिफरन्शियल सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देतो." चूक. तो दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो. चिखलातलं चाक 400 न्यूटन-मीटर पेलत असेल, तर कोरड्यावरच्या चाकालाही 400च मिळतात. एवढ्यात भरलेला ट्रक जागचा हलत नाही. अमेरिकी एम-35 ट्रकच्या तिन्ही अ‍ॅक्सलना इंजिनाची ताकद मिळते, पण डिफरन्शियल ओपन. प्रत्येक अ‍ॅक्सलचं एकेक चाक घसरलं की गाडी बसली. लॉक लावला की दोन्ही हाफ-शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) एकत्र बांधले जातात, मग कोरड्यावरचं चाक जास्त टॉर्क घेऊ शकतं. गणित एवढंच आहे, घाबरू नका.

लॉक चिखलाच्या आधी लावा, सरळ रेषेत, चालीच्या वेगाने. आधी मधला (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधला), मग मागचा, पुढचा अगदी शेवटी, कारण मग स्टिअरिंग वळता वळत नाही. चाक गरगर फिरत असताना बटण दाबलं तर डॉग क्लचचे (लॉक जोडणाऱ्या दातेरी कड्याचे) दात उडतात, नाहीतर हाफ-शाफ्ट तुटतो.

खरा सापळा मात्र लॉक सोडताना आहे. बटण सोडलं तरी शाफ्टमध्ये पीळ भरलेला असतो. त्या दाबाने दात एकमेकांत अडकून राहतात आणि लॉक सुटतच नाही. तसंच पक्क्या रस्त्यावर वळलात तर काय होतं बघा. दोन चाकांतलं अंतर 2 मीटर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक 3.14 मीटर जास्त चालतं, वळण लहान असो की मोठं. लॉकमध्ये हा फरक टायर घासून किंवा शाफ्ट पिळूनच भरून निघतो. म्हणून बटण सोडल्यावर डिफ-लॉकच्या दिव्याकडे बघा. विझला नाही तर थोडं मागे घ्या, मऊ जमिनीवर स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडे करा. पीळ सुटला की स्प्रिंग फोर्क (डॉग क्लच सरकवणारा काटा) मागे ओढते. दिव्याची वायर फोर्कवरच्या स्विचवरून आली आहे की नुसत्या बटणावरून, हेही एकदा तपासा. बटणावरचा दिवा काहीच सांगत नाही. "आवाजावरून कळतं" म्हणणाऱ्या उस्तादाचं ऐकू नका.

तपासणी सोपी आहे. पुढच्या चाकांना ओट (अडवायचे ठोकळे) लावा, मागची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. लॉक नसेल तर एक चाक पुढे फिरवल्यावर दुसरं मागे फिरतं. लॉक असेल तर एकही फिरत नाही. न्यूट्रलमध्ये करू नका, तिथे ओपन डिफरन्शियलची चाकंही कधी कधी एकाच दिशेने फिरतात आणि फसवतात. लॉक हवेवर चालत असेल तर टाकीत दाब हवाच. आणि एकच चाक जॅकवर असताना लॉक लावून इंजिन कधीही चालवू नका. जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून ढकलून देतं.

सोव्हिएत ट्रक गाझ-66 मध्ये हे बटणच नाही, तिचे डिफरन्शियल आपोआप लॉक होणारे. अमेरिकी लष्करी गाडी हमव्हीत टॉर्सन नावाचा डिफरन्शियल आहे: तो कमी पकडीच्या चाकाच्या काही पट टॉर्क दुसऱ्याला देतो, पण शून्याची पट शून्यच. चाक हवेत लटकलं तर अ‍ॅक्सिलरेटर धरून डाव्या पायाने ब्रेक हलकाच दाबा, म्हणजे त्या चाकाला विरोध मिळतो आणि दुसऱ्याला टॉर्क जातो.