संगीताचं मासिक मांडायचंय? सुरुवात बंदिशीच्या पानापासून करा

संगीतावरचं मासिक काढायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत मुखपृष्ठाचा विषय निघतो. फोटो कुणाचा, नाव कुठल्या वळणाचं, रंग कोणता. माझं सांगणं असं की मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी करा. आधी तीनतालातली एक बंदिश घ्या आणि ती स्वरलिपीसह कोऱ्या पानावर मांडून बघा. मुलाखत, मैफलीचा वृत्तांत, ध्वनिमुद्रिकेचं परीक्षण हे सगळं कुठल्याही आकारात सामावतं. स्वरलिपी सामावत नाही. तिला जागा करून दिली की पानाचा आकार, कागद, बांधणी आणि टाइप हे निर्णय तिच्या मागोमाग येतात.

पुढची पद्धत दोन-तीन जणांनी मिळून काढायच्या, हिंदुस्थानी संगीतावरच्या छापील मराठी मासिकासाठी किंवा त्रैमासिकासाठी आहे.

१. पानाची रुंदी मात्रांनी मोजा

तीनतालाचं पूर्ण आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांचा एक फेरा, एका ओळीत यायला हवं. ते दोन ओळींत तुटलं की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे हे शोधावं लागतं, आणि गाताना शोधायला वेळ नसतो. म्हणजे पानावर सोळा रकाने हवेत.

आता छापखान्यातल्या कागदाकडे या. २३×३६ इंची कागदाचा आठवा भाग कापून-छाटून ८.५×११ इंचांचं पान मिळतं, म्हणजे साधारण २१६×२७९ मिमी. शिवणीकडे २२ मिमी आणि बाहेरच्या बाजूला १८ मिमी समास सोडला तर १७६ मिमी उरतात. सोळाने भागा: एका मात्रेला ११ मिमी. २०×३० इंची कागद घेतला तर पान ७.२५×९.५ इंचांचं होतं. बरेच दिवाळी अंक याच आकाराच्या आसपास असतात. तिथे समास काटकसरीने, १८ आणि १४ मिमी धरले तरी मात्रेला ९.५ मिमीच येतात. एका मात्रेत एक-दोन स्वर असतील तर तेवढ्यात भागतं. पण ‘गमपध’ असे चार स्वर एका मात्रेत आले की अक्षरं एकमेकांना खेटतात. त्यामुळे बंदिशी नियमित छापणार असाल तर मोठं पान घ्या. ए-४ चा हट्ट मात्र धरू नका. त्याची उंची २९७ मिमी, आणि २३ इंचांचा निम्मा भाग २९२ मिमी. ते या कागदात बसतच नाही, मग मोठा कागद घेऊन कडेच्या पट्ट्या वाया घालवाव्या लागतात.

एकतालाला बाराच मात्रा. तेव्हा रकाने रुंद करून ओळ भरायचा मोह होतो. तसं करू नका. मात्रेचं अंतर ११ मिमीच ठेवा. डोळ्याला त्या अंतराची सवय होते आणि ती सवय लयीला मदत करते. एकतालात ४४ मिमी आणि झपतालात ६६ मिमी जागा बाजूला उरेल. तिथे बंदिशीतल्या ब्रज शब्दांचे अर्थ द्या, रचनाकाराचं नाव द्या, बंदिश कुणाकडून मिळाली ते लिहा. विद्यार्थ्याला हेच हवं असतं आणि हेच बहुतेक ठिकाणी गाळलेलं असतं.

आणखी एक. तीनतालातल्या बऱ्याच मध्य आणि द्रुत लयीतल्या बंदिशींचा मुखडा नवव्या मात्रेपासून, खालीपासून उठतो. ओळही तिथूनच सुरू करा. तालाच्या खुणा ०, ३, ×, २ अशा क्रमाने येतील (० म्हणजे खाली, × म्हणजे सम) आणि सम ओळीच्या मध्यावर पडेल. समेच्या रकान्यामागे दहा टक्के करडी छटा द्या. पानभर खाली उतरणारी ती फिकट पट्टी दिसली की शिकणारा चुकत नाही.

२. खुणांची पद्धत ठरवा आणि त्या टिकतात का ते पाहा

स्वरलिपीच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब आणि तार (वरच्या) सप्तकाला वर टिंब. पलुस्कर पद्धतीत अक्षरावरचं टिंब मंद्र सप्तक दाखवतं आणि तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ येते. तेच टिंब, दोन उलटे अर्थ. दोन्ही परंपरांचे वाचक महाराष्ट्रात आहेत, म्हणून कुठलीही एक पद्धत निवडा पण प्रत्येक स्वरलिपीखाली खुणांची एक ओळ छापाच. ‘पहिल्या अंकात दिलं आहे’ हे उत्तर नव्या वाचकाच्या कामाचं नाही.

भातखंडे पद्धत घेतलीत तर खुणा युनिकोडमध्येच टंकता येतात. वैदिक स्वरांसाठी ठेवलेली अक्षराखालची आडवी रेघ कोमलासाठी चालते: रे॒, ग॒, ध॒. डोक्यावरची उभी रेघ तीव्रासाठी: म॑. तार सप्तकाला अनुस्वार (सां, रें) आणि मंद्राला नुक्ता (ऩि, ध़, प़). नुक्ता व्यंजनानंतर लगेच, वेलांटीच्या आधी टंकायचा. उलट केलं तर मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. फॉन्ट पारखायचा असेल तर मंद्र सप्तकातला कोमल निषाद छापून बघा, कारण टिंब आणि रेघ दोन्ही त्याच्या खालीच येतात. मालकंस आणि दरबारी हे राग या स्वराशिवाय मांडताच येत नाहीत. टिंब रेघेत बुडत असेल तर तो फॉन्ट स्वरलिपीसाठी बाद.

आमच्या एका अंकात मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बदलून घेतला गेला. शब्द सगळे नीट आले, फक्त अक्षरांखालच्या रेघा गळल्या. भैरवीतले चारही कोमल स्वर शुद्ध झाले आणि पानावर बिलावलाचे स्वर उरले. मुद्रितशोधकाला ते दिसलं नाही, कारण शुद्धलेखनाची चूक कुठेच नव्हती. तेव्हापासून छापखान्याला मजकूर पाठवायचा नाही, फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफच पाठवायची, हा आमचा नियम आहे. आणि स्वरलिपी निव्वळ काळ्या शाईत. चार रंगांच्या मिश्रणातून काळा केला आणि एखादी प्लेट केसभर सरकली, तर ती बारीक टिंबं धुरकट होतात.

३. मजकुराचं अक्षर

मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. अनेक देवनागरी फॉन्ट मुळात हिंदी वळणाचे असतात आणि त्यात हे दोन्ही वेगळे दिसतात. ‘लय’, ‘ताल’, ‘बंदिश’, ‘विलंबित’: संगीतावरच्या लेखात हीच अक्षरं ओळीओळीला येतात, त्यामुळे परकं वळण लगेच खटकतं. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट मराठी वळणाचाच आहे. इतर काही फॉन्टांत मराठी वळण आत दडलेलं असतं; मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की ते समोर येतं. ‘गाणाऱ्या’ हा शब्दही छापून पाहा. त्यातला अर्धा र मराठी पद्धतीने आडवा आला पाहिजे.

टाइप १२ पॉइंट ठेवा आणि ओळींतलं अंतर १७ किंवा १८ पॉइंट. देवनागरीला वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. शास्त्रीय संगीताचे बरेच वाचक साठी ओलांडलेले असतात. त्यांना चष्मा सरसावायला लावून वाचवलेली चार पानं कामाची नाहीत. मथळ्यांतली अक्षरं फाकवू नका, शिरोरेषा तुटते. मजकुरातही रागाचं नाव तिरक्या अक्षरात देऊ नका, देवनागरीत ते कललेलं दिसतं एवढंच. बंदिशीचे पहिले शब्द एकेरी अवतरणात द्या, रागाचं नाव साधंच ठेवा.

४. बांधणी आणि कागद

हे मासिक कुठे उघडलं जाणार आहे? हार्मोनियमवर टेकवून, किंवा मांडीसमोर जमिनीवर. दोन्ही हातांत वाद्य असतं, मिटणारं पान धरून ठेवायला तिसरा हात नसतो. म्हणून पाठीला डिंक लावून चिकटवलेली बांधणी टाळा, ती पानं मिटत राहतात. मधोमध पिना मारलेला अंक सपाट उघडा राहतो, आणि सगळ्यात सपाट राहतो तो अगदी मधल्या जोडपानाशी. बंदिशी तिथे ठेवा.

या आकारात २३×३६ च्या एका कागदाची दोन्ही बाजूंनी मिळून १६ पानं होतात. त्यामुळे मधला फर्मा, म्हणजे एका कागदातून होणारा १६ पानांचा संच, वेगळ्या कागदावर छापता येतो. मधली १६ पानं ८० जीएसएम मॅपलिथोवर घ्या. त्यावर दिवा चमकत नाही आणि पेन्सिल उमटते. विद्यार्थी श्वासाच्या जागा खुणावतात, गुरुजी एखादा स्वर बदलून देतात, त्यासाठी ओळींमध्ये जागा राखा. बाहेरचे फर्मे मॅट आर्ट पेपरवर, कारण फोटो तिथे येणार.

५. फोटो

फोटो कधीही उलटा करू नका. मांडणी करणारे कलाकाराची नजर पानाच्या आतल्या बाजूला यावी म्हणून फोटो आरशासारखा फिरवतात. तबलियाचा डग्गा उजवीकडे जातो, सतारवादक डावखुरा होतो. ज्याने आयुष्यभर रियाज केला आहे त्याला हे पान उघडताक्षणी कळतं आणि मग बाकीच्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडतो. नजर बाहेर जात असेल तर फोटो समोरच्या पानावर न्या.

दुसरं, कापताना साथीदार कापू नका. मागे तानपुऱ्यावर बसलेली शिष्या, डावीकडचा तबला, उजवीकडची पेटी मिळून मैफल होते. फोटोखाली सगळ्यांची नावं हवीत, तानपुऱ्यावरच्यांचीसुद्धा. त्या मुलीच्या घरी तो अंक पुढची चाळीस वर्षं जपला जाणार असतो.

जुने फोटो घरांमधून मिळतात. मूळ प्रत मागा आणि ६०० डीपीआयला स्कॅन करून लगेच परत करा. वर्तमानपत्रात छापलेला फोटो पुन्हा स्कॅन केला तर त्यावर जाळी उमटते. छायाचित्रकाराची परवानगी घ्या आणि त्याचं नाव फोटोच्या कडेलाच द्या.

६. ऐकण्याची सोय

बंदिशीशेजारी क्यूआर कोड द्या, किमान २ सेंमीचा, भोवती पांढरी जागा सोडून. तो स्वतःच्या संकेतस्थळावरच्या पानाकडे न्या. दुसऱ्याच्या ध्वनिफितीचा दुवा कधी नाहीसा होईल याची खात्री नसते, आणि छापलेला कोड बदलता येत नाही.

७. आता मुखपृष्ठ

अमेरिकेतल्या ‘रे गन’ या रॉक संगीताच्या मासिकात डेव्हिड कार्सन यांनी १९९४ मध्ये ब्रायन फेरी यांची मुलाखत अक्षरांऐवजी चिन्हं असलेल्या फॉन्टमध्ये मांडली होती, कारण कार्सन यांना ती कंटाळवाणी वाटली. त्या संगीताला आणि त्या वाचकाला ते शोभलं. ज्या अंकातून लोक गाणार आहेत त्याच्या आतल्या पानांवर ही मुभा घेता येत नाही, मुखपृष्ठावर मात्र जरूर घ्या. नाव सुलेखनकाराकडून लिहून घ्या. एकच फोटो, एकच ओळ. आणि पाश्चात्त्य स्वरलेखनातली ती वळणदार जी-क्लेफची खूण नको. ती पाच रेषांपैकी ‘जी’ हा स्वर कुठल्या रेषेवर आहे ते दाखवायला असते. आपल्या बंदिशीच्या पानावर त्या रेषाच नाहीत.

८. तपासणी गाऊन करा

छपाईच्या आधी मधलं जोडपान मूळ मापात, त्याच कागदावर छापून घ्या. ज्याला ती बंदिश येत नाही अशा विद्यार्थ्याला पेटीपुढे बसवा, पान दोन फुटांवर ठेवा, घरातला रोजचाच दिवा लावा आणि त्याला पहिल्या आवर्तनापासून गायला सांगा. तुम्ही हाताने ताल धरा. तो जिथे थांबेल, पुढे झुकेल किंवा ओळ हरवेल तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या खुणांपाशी मांडणी बदला आणि मग दुसऱ्या विद्यार्थ्याला बोलवा.