‘कोतोव्स्की’ पाहायचा तर वहीचं पान उभं दुमडा

‘कोतोव्स्की’ हा जुना सोव्हिएत चित्रपट, लाल सैन्याचा सेनानी ग्रिगोरी कोतोव्स्कीवरचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हुशार पोरासारखा नोंदी घेत बसलो. इथे लढाई, इथे विजय. पुढे त्या सेनानीचं चरित्र वाचलं आणि अख्खं पान खोडलं. आता मी असं करतो.

पान उभं दुमडायचं. डावीकडे वर लिहायचं १९१८-२०, म्हणजे रशियातलं यादवी युद्ध, पडद्यावरची गोष्ट. उजवीकडे १९४२, चित्रपट तयार झाला ते साल. प्रत्येक प्रसंग यातल्या कुठल्या सालाचं बोलतोय, ते ठरवून त्या रकान्यात टाकायचा.

उजव्या रकान्यासाठी आधी थोडं वाचावं लागतं. १९४१ मध्ये जर्मन फौजा घुसल्या तेव्हा मॉस्को-लेनिनग्राडचे स्टुडिओ कझाकस्तानातल्या अल्मा-अताला हलवले. दिग्दर्शक फाइन्त्सिमरने हा चित्रपट तिथेच केला, संगीत प्रोकोफिएव्हचं. नायक बेसारेबियाचा, म्हणजे बराचसा आजचा मोल्दोव्हा. तो प्रांत १९१८ मध्ये रुमानियाकडे गेला, १९४० मध्ये सोव्हिएतांनी घेतला, १९४१ मध्ये पुन्हा हातचा गेला. युक्रेनमधल्या बिर्झुला गावी कोतोव्स्कीचं शव टिकवून ठेवलेली समाधी होती, तीही त्याच साली रुमानियन फौजेने उद्ध्वस्त केली. एवढं डोक्यात असलं की पडद्यावर कुणी ‘शत्रू’ म्हणालं रे म्हणालं, पेन आपोआप उजवीकडे सरकतं.

डावीकडे मात्र हात आखडता घ्या. खरा कोतोव्स्की आधी दरोडेखोर होता. १९१६ मध्ये फाशीची शिक्षा, १९१७ मध्ये सुटका, आणि त्याच साली ओडेसाच्या ऑपेरा थिएटरात त्याच्या बेड्यांचा लिलाव! (पटकथाकाराला आयता मिळालेला प्रसंग. मी असतो तर सुरुवातच तिथून केली असती.)

मग एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहा. कोतोव्स्की झालेल्या मोर्द्विनोव्हच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो, खालून बघतो की समोरून? तोच प्रसंग नंतर डोळे मिटून ऐका.

पानाच्या तळाशी दोन ओळी मोकळ्या ठेवा. १९२१ मध्ये रशियातल्या तांबोव्ह प्रांतातल्या शेतकऱ्यांचा उठाव मोडायला त्याची ब्रिगेड गेली होती. १९२५ मध्ये तो मेला तो रणात नव्हे. ओडेसाजवळ मायर झायडर नावाच्या ओळखीच्याच माणसाने त्याला गोळी घातली. शेवटची पाटी आल्यावर या दोन्हींपुढे ‘आलं’ किंवा ‘नाही’ लिहायचं.

दुसऱ्या खेपेला माझा उजवा रकाना पानाच्या पाठीमागे गेला. डावीकडे जेमतेम साडेचार ओळी, त्यातल्या दोन ओळींपुढे प्रश्नचिन्ह.