मनी गादीवर शू करायची, त्यावरचा उपाय
वडोदऱ्याला दांडिया बाजारात आमचं घर. आमची मांजर मनी शू-शीसाठी ठेवलेला वाळूचा ट्रे सोडून गादीवर शू करायला लागली. आत्या म्हणाल्या, "मुद्दाम करतेय, दोन फटके दे." पण मांजर सूड म्हणून असं करत नाही, त्याला काहीतरी दुखत किंवा खुपत असतं. आधी डॉक्टरांकडे लघवी तपासली, रिपोर्ट नॉर्मल. (बोका जोर करतोय आणि शू होत नाही, असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा, जिवावर बेततं.) मग लक्ष ठेवलं. ट्रेमध्ये एक पाय टाकायची आणि शेजारचं वॉशिंग मशीन घरघरलं की कान पाडून पळायची! ट्रे शांत कोपऱ्यात हलवला, सुगंधी वाळू बंद केली. गादी एन्झाइम क्लीनरने (शूचा वास मुळापासून घालवणारं द्रावण) धुतली. फिनाइल वापरलं नाही, ते मांजरांना विषारी असतं. ट्रे वापरला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आता गादी कोरडी असते.